वल्ह्यावरची पाटी

३ डिसेंबर, बुधवार

धानाचे पुंजणे रचून झाले. बांधावर लाखोळी पेरली आहे. नदी उतरली, तरी डोंग्याशिवाय पलीकडे पाऊल निघत नाही. मधली धार यंदा आपल्या बाजूला सरकली.

सकाळी म्याडमला आणायला गेलो. चार वर्षं झाली, शाळेच्या दिवशी त्यांना पलीकडून बेटावर आणतो, चारला परत सोडतो. डोंग्यात बसल्या की पिशवी पोटाशी घट्ट धरतात. आज धरली नाही. म्हणाल्या, "तुळशीरामभाऊ, पत्र आलं. पुढच्या सत्रापासून आपली शाळा तिकडच्या केंद्रशाळेत जाणार."

मी म्हटलं, "चारच लेकरं उरली. व्हायचंच होतं."

"आणि यंदाच्या खेळांत आपला संघ नाही. पोरं केंद्रशाळेच्या नावानं उतरतील."

वल्हं थांबलं. माझं मला कळलं नाही. डोंगा वाहत खाली उंबरापर्यंत गेला, तेव्हा म्याडम म्हणाल्या, "भाऊ, घाट वर राहिला."

शाळेचं ऐकून हात थांबला नव्हता. खेळांचं ऐकून थांबला. असं काऊन झालं असेल...

५ डिसेंबर, शुक्रवार

माळ्यावरून शाळेच्या नावाची पाटी काढली. धूळ पुसली, जवसाचं तेल लावलं. मोडक्या डोंग्याची फळी आहे, सागाची. त्यावर मी शिकत होतो तेव्हाच्या गुरुजींनी तापलेल्या सळईनं अक्षरं उमटवली होती. बेटटोला. 'ट'ला 'टो' चिकटला आहे, कारण फळी संपत आली होती.

आजूबाजूच्या तेरा गावांच्या शाळांचे खेळ दर हिवाळ्यात केंद्रशाळेच्या मैदानावर होतात. धावणं, लांब उडी, कबड्डी, खो-खो, रस्सीखेच, शेवटी लेझीम. पहिल्या दिवशी सकाळी सगळ्या शाळा आपापली पाटी पुढं धरून मैदानाला फेरी घालतात. आम्ही पहिल्यांदा गेलो त्या वर्षी पाटीला दांडा नव्हता. गुरुजींनी बाबांच्या हातातलं वल्हं घेतलं आणि त्यावरच फळी ठोकली. तिकडचे मास्तर हसले. "गुरुजी, मैदानात नाव चालवणार काय?" गुरुजी म्हणाले, "आमच्याकडं पाय असेच आहेत."

तेव्हापासून पाटी वल्ह्यावरच. बाबांनी नवं वल्हं केलं, ते परत मागितलं नाही.

पाटीच्या मागं गुरुजींनी खिळ्यानं कोरलेली यादी आहे. रस्सीखेच तिसरा. लेझीम उत्तेजनार्थ. लांब उडी तिसरा. १०० मीटर दुसरा. तो दुसरा माझा. पहिला एकही नाही. सगळ्यात वर गुरुजींनी एक ओळ मोकळी सोडलेली आहे.

हिनं विचारलं, "पाटीले तेल लावून राह्यले. माह्या केसाले कधी लावलं होतं?"

७ डिसेंबर, रविवार

झोपडीपुढं ऊन घेत बसलो होतो. ते सगळं आठवत राहिलं.

मी सातवीत. तेव्हा बेटावर चाळीसच्या वर घरं, शाळेत तेवीस लेकरं. तिकडं न्यायला डोंग्याच्या तीन फेऱ्या लागायच्या. पहिल्या फेरीत लहान, मग मुली, शेवटी आम्ही मोठे. गुरुजी तिन्ही फेऱ्यांत उभेच. भाकरी, जवसाची चटणी, आणि बाबांनी भाजलेले मासे पळसाच्या पानात.

त्या मैदानाची जमीन टणक. आमचे पाय रेतीचे. पहिल्यांदा धावलो तर टाचा झिणझिणल्या, पण पाय असे पळायला लागले की कोणी मागून ढकलतंय. रेतीत पाय रुततो, इथं रुततच नव्हता. शंभर मीटरमध्ये मी सगळ्यांच्या पुढं होतो. मागच्याचा श्वास ऐकू येत नव्हता इतका पुढं.

आमच्या बेटावर शर्यत म्हणजे डोंग्यापर्यंत. डोंग्याच्या टोकाला जो आधी हात लावेल तो पहिला. दुसरी रीतच आम्हाला माहीत नव्हती. समोर चुन्याची पांढरी रेष दिसली आणि मी धावता धावता थांबून वाकलो. रेषेला हात लावला. तेवढ्यात बाजूचा पोरगा ताठ उभ्यानं ती ओलांडून गेला.

घड्याळवाले मास्तर म्हणाले, "काय रे, पाया पडत होता काय?"

सगळं मैदान हसलं. माझ्या बोटांना चुना. धोतराला पुसावा तर धोतर नाही, हाफप्यांट नवी, गुरुजींनी दिलेली. पुसला नाही. तसाच हात बाजूला धरून उभा राहिलो.

गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "तुही चूक नाई तुळश्या. मीच सांगितलं नाई. मले वाटलं, एवढं तर माहीत असन."

परतीच्या फेरीत डोंगा बाबा चालवत होते. घाटाला लागल्यावर बाबा म्हणाले, "उतर. टोकाले हात लाव." लावला. "आता सरली शर्यत. जा, जेव."

त्यानंतर खेळांहून परतलेला प्रत्येक जण उतरून डोंग्याच्या टोकाला हात लावतो. जिंकला हरला तरी. कोणी ठरवलं नाही, होत गेलं.

१० डिसेंबर, बुधवार

पायल चांगली धावते. लहान भावाची मुलगी, चौथीत. शाळा सुटल्यावर चौघं रेतीवर सराव करतात. म्याडम चपला हातात घेऊन शिटी वाजवतात. मी चुलीतली राख आणून रेष आखली.

पायल आली, वाकली, रेषेला हात लावला.

मी म्हटलं, "पायल, रेषेले हात नाई लावायचा. वरून निघून जायचं."

"मंग सरलं हे कसं समजन, मोठेबाबा?"

चार वेळा धावली, चार वेळा वाकली. बाकी तिघं पण तसंच. शिकवून येत नाही, कारण हे कोणी शिकवलंच नाही. त्यांचे बाप असेच वाकत होते.

मग डोंगा ओढून रेषेच्या वीस पावलं पुढं नेऊन लावला. "आता रेषेकडं पाहूच नका. डोंग्याले हात लावा." झालं. पायल राखेवरून अशी गेली की राख उडाली.

म्याडम म्हणाल्या, "पण भाऊ, तिकडच्या मैदानात डोंगा कुठून आणायचा?"

मी पाटीकडं पाहिलं. वल्हं तर आहे. रेषेच्या पुढं मी ते धरून उभा राहीन. पण पाटी मैदानात जाऊ दिली तर.

१२ डिसेंबर, शुक्रवार

म्याडमसोबत कें.प्र. साहेबांकडं गेलो. केंद्रप्रमुख म्हणजे तेरा शाळांचे साहेब, खेळ त्यांच्याच हाती. माणूस वाईट नाही. चहा मागवला.

"तुळशीराम, पाटी शाळेची असते, गावाची नाही."

"शाळा आहे ना साहेब अजून?"

"कागदावर एप्रिलपर्यंत आहे."

"मंग पाटी बी एप्रिलपर्यंत चालू द्या."

साहेब हसले. म्हणाले, "चार पोरं फेरी घालणार. लोक हसतील."

"लोकं तर आम्हाले वल्ह्यासाठी आधीपासूनच हासतात साहेब. सवय आहे."

म्याडम खाली पाहून हसल्या. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. "वर विचारतो."

वर म्हणजे किती वर, ते विचारलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

गडचिरोलीला गेलो, लाल बसनं. गुरुजी मुलाकडं असतात. ऐंशी ओलांडली. मुलगा दारातच म्हणाला, "त्यांना कधी आठवतं, कधी नाही. मनावर घेऊ नका."

गुरुजी खाटेवर बसले होते, डोक्याला मफलर. मला पाहिलं आणि म्हणाले, "तुळश्या, पाटी घेतली काय?"

मी म्हटलं, "घेतली गुरुजी."

"पोहणं ठेवलं काय यंदा?"

दर वर्षी ते तिकडच्या साहेबांना हेच विचारायचे. पोहणं ठेवा, डोंगा चालवणं ठेवा, मग बघा आमची लेकरं. दर वर्षी साहेब म्हणायचे, पुढच्या वर्षी पाहू.

"नाई ठेवलं, गुरुजी."

"पुढच्या वर्षी ठेवतीन." मग विचारलं, "किती फेऱ्या लागतीन?"

"एकच."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. त्या वेळी त्यांना सगळं आठवत होतं, मला खात्री आहे.

"एकच?"

मी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगांची पिशवी त्यांच्या मुलाजवळ दिली आणि निघालो. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तरी बाहेर काय होतं ते आठवत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. हिनं घट मांडला, खीर केली. साहेबांचा निरोप नाही.

संध्याकाळी घाटावरच्या महादेवापुढं दिवा लावला. बाबा लावायचे, आता मी. प्रार्थना झाल्यावर रोज थोडं बसतो, काही मागत नाही. आज मागितलं. पायलचा नंबर मागितला नाही. एवढंच म्हटलं, पाटी एकदा फिरू दे.

नंतर मनात आलं, देवाकडं एवढंसं मागायचं? त्याच्या दारात माणसं केवढं केवढं घेऊन येतात. पण जे पाहिजे तेच मागावं.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "नंबर बी मागायचा होता. जाण्याचं भाडं तेवढंच लागते."

२३ डिसेंबर, मंगळवार

म्याडमचा फोन. साहेब म्हणाले, फेरीत या. सगळ्यात शेवटी चाला. यादीत नाव नसेल, गुण मिळणार नाहीत. पोरांच्या नोंदी केंद्रशाळेकडं.

"चालेल ना भाऊ?"

म्हटलं, "शेवटी तर शेवटी. आमचा डोंगा बी शेवटीच पोहोचायचा."

तेलाचा दुसरा हात दिला पाटीला. एक खिळा ढिला होता, ठोकला.

५ जानेवारी, सोमवार

उद्या खेळ. धुकं दाट आहे, सकाळी लवकर निघावं लागेल.

पायल संध्याकाळी येऊन बसली. वल्हं उचलून पाहिलं, पेललं नाही, तोल गेला. सिद्धार्थ आणि ती मिळून धरणार असं ठरलं. सिद्धार्थ चौघांतलाच, बेटावरच्या दुसऱ्या गल्लीतला, तिसरीत, तिच्याहून उंच.

"मोठेबाबा, तुम्ही कोणता नंबर आणला होता?"

"दुसरा."

"पहिला काऊन नाई?"

सांगितलं. हसेल वाटलं. हसली नाही. म्हणाली, "मंग तुमचा हात तर लागला होता ना रेषेले. आधी."

हो, आधीच लागला होता. एवढ्या वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा.

६ जानेवारी, मंगळवार

एकच फेरी. चौघं, म्याडम, मी, पाटी. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. सवयीनं गेलो.

मैदान तेच, जरा लहान वाटलं. एका बाजूला आता भिंत घातली आहे. चुन्याच्या रेषा, भोंगा, मसालेभाताचा वास. बारा शाळा रांगेत. केंद्रशाळेची दीडशे मुलं, निळे टीशर्ट. आमची चौघं त्यांच्या मागं, घरच्या कपड्यांत. म्याडमनी चौघांच्या खिशाला पिवळी फीत टाचली होती.

माइकवरचे सर यादी वाचत होते. शाळा पुढून गेली की नाव, टाळ्या. केंद्रशाळा गेली. सरांनी कागद खाली ठेवला. आणि मग धुक्यातून वल्हं आलं. पायल आणि सिद्धार्थ दोन्ही हातांनी धरून, दात आवळून. मागं दोघं पाय जुळवत, एकाचा डावा तर दुसऱ्याचा उजवा.

सरांनी कागद उलटून पाहिला. नाव नव्हतं. माइक चालूच होता, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी पाटी वाचली. अक्षरं चिकटलेली म्हणून हळूहळू वाचली.

"आणि... बेट... टोला."

बसलेल्यांमधून एक म्हातारी म्हणाली, "अजून आहेत वं हे लोकं." टाळ्या वाजल्या, खूप नाही. दुसऱ्या एकानं विचारलं, "पोहून आले काय?" हसले लोक. मीही हसलो.

दुपारी चौथीच्या मुलींचे शंभर मीटर. मी वल्हं घेऊन रेषेच्या पुढं उभा राहिलो. एक तरुण सर आले. "काका, मैदानात पालक नाही. दोरीच्या मागं."

दोरीच्या मागं गेलो. पायलच्या रांगेची सीध पाहून तिथं वल्हं रोवलं. पाटी तिच्याकडं तोंड करून.

शिटी झाली. मी पायांकडं पाहत नव्हतो, तिच्या डोळ्यांकडं पाहत होतो. रेषा जवळ आली तशी मान खाली गेली. गेली, वाटलं. माझे स्वतःचे गुडघे वाकले. मग मान वर आली. रेषेवरून तशीच पुढं, दोरीखालून वाकून आली आणि वल्ह्याला असा हात मारला की पाटी खडखडली.

दोन्ही घड्याळवाले पायलकडं बोट दाखवत होते. पहिला.

पायल धापा टाकत म्हणाली, "सरलं काय?"

नंतरचं. टेबलावर एक सर प्रमाणपत्रं लिहीत होते. तिचं नाव लिहिलं, क्रमांक लिहिला.

"शाळा?"

"बेटटोला."

सरांनी यादीवरून बोट फिरवलं. "नाही बाळ यात. केंद्रशाळा लिहू?"

पायलनं माझ्याकडं पाहिलं. मी म्याडमकडं. म्याडम म्हणाल्या, "सर, मुलगी आजच्या तारखेला आमच्या पटावर आहे." मागं सरल्या नाहीत. मागं रांग थांबली. कें.प्र. साहेबांना बोलावलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. माझ्या हातातल्या वल्ह्याकडं पाहिलं.

"बाकी भरा. शाळेची ओळ राहू द्या. वर विचारून भरू."

तर बेटाचा पहिला पहिला नंबर. आणि गावाच्या जागी ठिपके.

घाटाला लागलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. चौघं उतरून टोकाला हात लावून गेले. पायल थांबली. "मोठेबाबा, मी तर तिकडंच वल्ह्याले हात लावला. दोन्दा लावा लागते काय?"

"लाव."

लावला. खीर होती घरी.

७ जानेवारी, बुधवार

पाटी उलटी करून खिळा हातात घेतला. वरची मोकळी ओळ. पाटी आमची, त्यावर कोरायला कोणाला विचारायचं नाही.

खालची सगळी अक्षरं गुरुजींची आहेत. सरळ, एकसारखी. त्यांच्या वर माझं वाकडं अक्षर... खिळा ठेवून दिला.

११ जानेवारी, रविवार

म्याडम सुट्टीच्या दिवशी मुद्दाम फोन करून म्हणाल्या, साहेबांचं अजून काही नाही. "भाऊ, मला वाटतं आपणच भरावं. कोण बघायला येतं?"

खरं आहे. कोणी येणार नाही. पण साहेबांनी सगळ्यांपुढं राहू द्या म्हटलं. चोरून लिहिलेलं गाव पायलला जन्मभर चोरूनच दाखवावं लागेल. आणि नाही लिहिलं तर तिच्या मुलांना ती काय सांगेल, ठिपक्यांच्या गावाची होते म्हणून? दोन्ही बाजूंनी विचार केला. दिव्यापाशीही बसलो.

भाऊ म्हणतो, "फ्रेम करून लावू. लांबून कोणाले वाचता येते?" त्याचं वेगळं असतं.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. आज पायल डोंग्यात पुढं बसली होती, पलीकडच्या बाजाराला जायला. पाण्यात हात सोडलेला.

"पुढच्या वर्षी मी तिकडच्या शाळेत. मंग मी कोणाकडून धावू?"

"तिकडून."

"निळा टीशर्ट भेटन काय?"

"भेटन."

खुश झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मंग वल्हं कोण धरन?"

धार जवळ आली होती, तिथं बोलता येत नाही. वल्हं मारत राहिलो. धार संपली तरी तिनं परत विचारलं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

साहेबांचा निरोप नाही. गुरुजींच्या मुलाला फोन केला. म्हणाला, ते माणसं विसरतात, पण अक्षर अजून तसंच आहे. रोज सकाळी जुन्या वहीत काहीतरी लिहितात.

परवा जायचं ठरवलं. ही म्हणाली, "रविवारी अवस आहे. नका जाऊ."

म्हटलं, "गुरुजीच्या घरी कायची अवस."

त्यांनाच विचारतो, भरावं की राहू द्यावं. ते जे म्हणतील ते. त्या दिवशी त्यांना कोण आठवेल, कोण नाही, ते सांगता येत नाही. चूक माही, म्हणायची त्यांची सवय आहे. यात त्यांची काही चूक नाही, हेही सांगायचं आहे.

पायल सोबत येतो म्हणते. पाटी बसच्या टपावर ठेवू देतील. वल्हं काढलेलं नाही.

पिशवीत प्रमाणपत्र, एक पेन, एक खिळा.